मी "छे" म्हणालो

चिऊ बाळा,

काल ऑफिसच्या मंडळींबरोबर सिनेमा पाहिला, बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंचा. त्यात एक बाप लेकीसाठी खुणांची भाषा शिकतो. तिथे मला रडू आवरेना. शेजारी बसलेल्या नव्या साहेबांनी विचारलं, "घरात कुणी आहे का असं?"

"छे, छे!" मी म्हणालो.

माझी मुलगी बहिरी आहे आणि अशाच मुलांना शिकवते, हे सांगायला जीभ रेटली नाही. लहानपणी तू चारचौघांत खुणा केल्यास की मी तुझे हात दाबून धरायचो. तुझं बोलणं आजवर आईनंच मला सांगितलं.

घरी येऊन तिला म्हटलं, "'चुकलो' कसं म्हणायचं, दाखव."

"फार लवकर सुचलं!" म्हणाली, पण दाखवलं.

लिहून माफी मागणं सोपं आहे, म्हणून हे पत्र पाठवत नाही. रविवारी येशील, तेव्हा सगळ्यांसमोर हातांनीच सांगेन.

तुझा,
खजील बाबा