बाबांचं जुनं धोतर

कामतघर
बुधवार, १४ जून १९८९

सकाळी बाबांना सांगून टाकलं. बीएस्सी झालं, आता नर्सिंगला जाणार. डॉक्टरकीला मार्क कमी पडले तेव्हाही ते इतके नाराज झाले नव्हते. "याच्यासाठी बीएस्सी केलंस? बेडपॅन उचलायला?" एवढंच बोलले आणि शाळेत शिकवायला निघून गेले.

संध्याकाळी शेजारच्या लूमवरचे रहीमचाचा आले. मागाचा धावता धोटा बोटावर बसला होता, रक्त थांबत नव्हतं. नेहमीसारखंच दारातून म्हणाले, "मास्टरजी, डॉक्टरनी है क्या?" मी शाळेत होते तेव्हापासून चाळ मला हेच म्हणते, आणि बाबा दरवेळी हसून मला हाक मारतात. आज म्हणाले, "यहाँ कोई डॉक्टर नहीं है."

असं बोलायलाच हवं होतं का? तेही चाचांसमोर?

मी बाहेर येऊन बोट धुतलं. पट्ट्यांचा डबा उघडला तर रिकामा. त्या पट्ट्या बाबाच करून ठेवायचे, स्वतःच्या जुन्या धोतराच्या. कुणी न सांगता, इतकी वर्षं. मी त्यांच्याकडे पाहिलं. उठले नाहीत. मग मीच त्यांचं एक जुनं धोतर काढलं. नेमकी तेव्हाच लाईट गेली आणि आजूबाजूचे सगळे माग थांबले. धोतर फाडल्याचा केवढा आवाज झाला! बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

चाचा जाताना "जीती रहो, बेटी" म्हणाले. डॉक्टरनी नाही म्हणाले.

उरलेलं धोतर घडी करून ठेवलंय. पट्ट्या करायला हव्यात. पण बाबा घरात असताना ते पुन्हा फाडायचा धीर होत नाही.