घोडीच्या पायाखालचा कापूस

माय, तू घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसलीस त्या दिवशी तुझं जे वय होतं, ते मी यंदा ओलांडलं. बाबांच्या जागी गुरांच्या दवाखान्यात लागून तुला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. कागदावर तू परिचर, गावात दवाखान्याची बाई. अडेल बैलाच्या नाकपुडीत बोटं घालून त्याला जागच्या जागी उभं करणारी म्हणून आसपासच्या खेड्यांत तुझी ओळख होती, आणि शाळेत असताना मला त्या ओळखीची लाज वाटायची. तुझ्या लुगड्याला येणाऱ्या फिनेलच्या वासापासून लांब जावं हेही मी यवतमाळला बातमीदार होण्याचं एक कारण असावं. त्या आठवड्यात मी तुझ्याकडे मुक्कामाला आले ती कापसाच्या बातम्यांसाठी. भाव पडलेला, खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग, आणि ज्यांना रांगेत उभं राहायचं नव्हतं त्यांच्या घरात आढ्यापर्यंत कापूस. रोज संध्याकाळच्या आत फोनवरून मजकूर सांगायचा, एवढंच माझं काम होतं.

सकाळचे दहा वाजलेत. दवाखान्याच्या फाटकात टेम्पो उभा राहतो, फुलसावंगीच्या पलीकडच्या एका तांड्यावरून आलेला. आत वरातीची पांढरी घोडी. ती खाली उतरायला तयार नाही. पुढचे दोन्ही पाय लांब ताणून तिनं सगळा भार मागे टाकलाय, जणू पुढे जमीन नाही, तापलेला तवा आहे. तिचा मालक, साठीचा माणूस, तिच्या कानाशी तोंड नेऊन नुसतं "याडी, याडी" म्हणतोय. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, हे मला माहीत होतं. घोडीला कुणी आई म्हणतं हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. ओसरीवर बैल घेऊन आलेली माणसं बसलेली, त्यांतला एक ओरडला, "दोर लावा अन् पाडा तिले." तू मागं वळूनही न बघता म्हणालीस, "बैल हाय काय पाडाले? घोडं पाडत नसतेत. घोड्याले इचारा लागते."

डॉक्टर नवे होते, साताऱ्याकडचे. तुला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मावशी, मी कॉलेजात दोनच घोडे पाहिलेत. त्यातला एक मेलेला होता." तू म्हणालीस, "मंग मी तुमच्या मागंच. म्या तं एकाले हात नाही लावला." आणि हे बोलून झाल्यावर तू सरळ जाऊन घोडीच्या पुढ्यात उकिडवी बसलीस. गुडघ्यापासून खाली हात फिरवत नेलास आणि खुराच्या जरा वर थांबलीस. ओढलं नाहीस, बोललीही नाहीस. एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्या, तितक्याच दुखऱ्या पायावर जायचा, म्हणून ती तुला क्षणभर पाय द्यायची आणि काढून घ्यायची. तू पुन्हा थांबायचीस. मी ओसरीच्या खांबाला टेकून बघत होते. पाच-साडेपाचशे किलोचं जनावर, दुखण्यानं घामेजलेलं, एका लाथेत तुझा खांदा निखळला असता. आणि ते तुझ्या थांबण्याचा विचार करत होतं. चौथ्या-पाचव्यांदा तिनं पाय दिला तो काढून घेतला नाही. तू तो मांडीवर घेतलास, मागच्या बाजूला दोन बोटं टेकवलीस आणि म्हणालीस, "नाडी धडधडून राह्यली, डॉक्टरसाहेब. नख तव्यावानी तापलं."

नाल काढून होईपर्यंत दुपार झाली. मग डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. खुराच्या आत हाड टेकलेलं नसतं, टांगलेलं असतं. दोन वह्यांची पानं एकमेकांत अडकवावीत तसे आतल्या मांसाचे बारीक पदर नखाच्या पदरांत गुंतलेले असतात, आणि त्या गुंत्यावर आख्खा घोडा उभा असतो, धावतो, माणूस पाठीवर घेऊन नाचतो. सूज आली की पदर सुटायला लागतात. सगळे सुटले तर हाड तळवा फोडून खाली येतं. "मग?" मी विचारलं. "मग एक इंजेक्शन उरतं," डॉक्टर म्हणाले, "तीन-चार दिवसांत कळेल." मी तुझ्याकडे पाहिलं. तू हातातला काढलेला नाल उलटसुलट करून पाहत होतीस, पहिल्यांदाच पाहावा तसा.

मालक भिंतीशी बसला होता. आपणहून बोलायला लागला, "म्याच चारला गहू. दोन महिने घोडी बसून होती. यंदा लग्नंच नाही लोकायची. मंग एक तारीख आली. म्हटलं खा याडी, आता काम आलं. बादलीभर ठेवला तिच्यापुढं." जास्तीच्या गव्हानं खूर तापतात हे आम्हाला डॉक्टरांनी नुकतंच सांगितलेलं. मी वही काढली. "म्हणजे तुम्ही स्वतःच चारला?" एवढंच माझ्या तोंडून गेलं आणि तुझा आवाज आला. तू माझ्यावर कधी ओरडली नाहीस, तेव्हाही नाही. "वही ठेव खाली. माणूस आपल्या तोंडानं बोलला, त्याले पुन्हा काहून बोलाले लावतं? हात रिकामे कर, कामं पडले आहेत." पुढं मी पुष्कळ ठिकाणी, पुष्कळ माणसांसमोर वही खाली ठेवली. संपादक म्हणायचे, तुझ्याशी लोक बोलतात कसे? मी तुझं नाव सांगितलं नाही.

काम होतं ते असं. दर दोन तासांनी पाय थंड पाण्यात ठेवायचे, मग पुसून तळव्याखाली जाड मऊ गादी बांधायची, म्हणजे हाडाला खालून आधार मिळतो. दवाखान्यातला कापसाचा गुंडाळा पहिल्याच दोन बांधण्यांत संपला. डॉक्टर म्हणाले, मागवावा लागेल. त्यावर बैल घेऊन आलेली एक म्हातारी हसायलाच लागली. "कापूस नाही म्हंता? आमच्या घरात लेकराईले निजाले जागा नाही कापसापायी. खाजवून खाजवून अंग सोलून निघालं. किती पाह्यजे सांगा." तासाभरात तिचा नातेवाईक गाठोडं घेऊन आला. डॉक्टरांनी त्यात हात घातला आणि काढून घेतला. वेचणीचा कापूस, बोंडागणिक सरकी. दुखऱ्या तळव्याखाली सरकीचा एक दाणा म्हणजे बुटातला खडा. मग तू ओसरीवर फतकल मारलीस. "वातीसाठी काढतो तशी काढू."

आणि म्हातारीच अडली. "वो बाई, काढून देतो, पण लक्ष्मी हाय ते. आम्ही चप्पल घालून कापसाच्या ढिगापाशी जात नाही. अन् हे जनावर त्याच्यावर पाय देईन?" मालक उठायला लागला, जणू आता घोडी घेऊन जावंच लागणार. तू तो नाल उचललास, म्हातारीच्या पुढ्यात ठेवलास. "चप्पल काढूनच उभी हाय थे. हे पाहा तिची चप्पल." म्हातारीनं नालाकडं पाहिलं, घोडीच्या उघड्या खुराकडं पाहिलं, आणि अशी हसली की तिला ठसका लागला. "मंग ठीक हाय," म्हणाली, "सरका जरासे," आणि तुझ्या शेजारी बसली.

माय, मी त्यानंतर मोठमोठ्या सभा पाहिल्या, मोर्चे पाहिले, त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. पण त्या ओसरीवर जे पाहिलं त्याला शब्द कमी पडतात हे इतक्या वर्षांच्या लिहिण्यानंतरही कबूल करावं लागतं. खोड्यात बैल अडकवून ठेवलेला माणूस, शेळीला जंताचं औषध पाजायला आलेली पोरगी, रांगेत गाडी तशीच सोडून काय चाललंय बघायला आलेले दोघं, घोडीचा मालक, तू, मी. सगळे खाली मान घालून बोटांनी सरकी सोडवतायत. ज्या कापसाला त्या वर्षी कुणी विचारत नव्हतं, तो चिमटीचिमटीनं निवडला जातोय. समोर घोडी उभी. तू गादी रचतेस, पट्टी बांधतेस, पोत्याचा तुकडा गुंडाळतेस आणि पाय अलगद जमिनीवर सोडतेस. ती टेकवते. उचलते. पुन्हा टेकवते, आणि या वेळी तिचा भार हळूहळू पुढे येताना मला दिसतो, खांद्यातून, गुडघ्यातून खाली. सगळ्यांची बोटं थांबलेली.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी जेवणवेळेला ती खाली बसली आणि मग अंग टाकून आडवी झाली. ओसरीवर कुणी तरी म्हणालं, "घोडं बसलं म्हंजे गेलं," आणि मालकानं तिच्या मानेवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. मी थांबले नाही. फाटकाबाहेर एसटीडी बूथ होता, तिथून कार्यालयात फोन लावला आणि कापसावर उभी केलेली वरातीची घोडी अखेर गेली, अशा चार ओळी सांगून मोकळी झाले. 'अखेर' हा शब्द मला बरोबर जागी बसल्यासारखा वाटला. त्या वर्षांत मरणाच्या बातम्या मी इतक्या लिहीत होते की वाक्यं आधीच तयार असायची.

परत आले तर सगळे गप्प. तू तिच्या डोक्याशी बसलेली, मला बघून ओठांवर बोट ठेवलंस. "निजली थे. तीन दिवसानं पाठ टेकली. पायावरचं ओझं उतरलं बिचारीच्या." तिच्या नाकपुडीपाशी कापसाचा एक पिंजलेला धागा अडकला होता. तो बाहेर जायचा, थांबायचा, आत यायचा. मालक तोंडात पटक्याचं टोक कोंबून रडू दाबत होता, ती उठू नये म्हणून. मी तो धागा किती वेळ बघत राहिले कोण जाणे. मग पुन्हा बूथवर धावले. "बातमी काढा, घोडी जिवंत आहे." पलीकडचा उपसंपादक म्हणाला, "मेलेली घोडी उठली? मग ती जागा कशानं भरू?" मी म्हटलं, कापसाच्या भावानं भरा.

ती जगली हे तुला माहीतच आहे. पंधरा दिवसांनी ती टेम्पोत स्वतःच्या पायांनी चढली. डांबरी रस्त्यावरच्या वराती मात्र तिच्या सुटल्या. आता कुठे वरात आडवी आली तर मी नवरदेवाकडे बघत नाही, आधी घोडीचे पाय बघते.

त्या तिसऱ्या दिवशी मी बूथवरून आत आल्यावर तू विचारलंस, "दोनदा कुठी गेलती वो?" मी म्हटलं, चहा सांगाले. "मंग चहा कुठी हाय?" तू म्हणालीस, आणि घोडी जागी झाली म्हणून ते तिथंच राहिलं. पुढं तू बारा वर्षं होतीस, मला सांगता आलं असतं. हे कुठं पाठवायचं नाही म्हणूनच लिहून होतंय. चहा सांगायला मी गेलेच नव्हते, माय. तू जिच्या उशाशी श्वास मोजत बसली होतीस, तिला मी फोनवर मारून आले होते.