सगळेच ‘इथे क्लिक करा’

पळसदरी

ती. दाजींना प्रवीणचा साष्टांग नमस्कार.

इकडे माणसं बरी आहेत. ताईचा गुडघा कसा आहे? तुमचं पित्त? (हे फोनवरही विचारलं असतं, पण फोनवर तुमच्यापुढे माझं तोंड उघडत नाही.)

आमच्या घरी पाहुणे मुक्कामाला यावेत म्हणून तुम्ही हौसेने वेबसाइट करून दिलीत, ती फार देखणी आहे. वर धरणाचा फोटो, खाली एका ओळीत निळे ‘इथे क्लिक करा’. एक रस्ता दाखवतो, एक जेवण, एक खोल्या आणि एक बुकिंग रद्द करतो. कोणता काय करतो हे दाबल्यावरच कळतं. मी मागे दबकत बोललो, तर सगळे सारखे असले की शोभा येते, असं तुम्ही म्हणालात. शोभा आली दाजी, पण पाहुणे उपाशी राहू लागले.

गेल्या शनिवारी ठाण्याचं एक कुटुंब पोपटी खायला येणार होतं. नम्रताने सकाळपासून वालाच्या शेंगा निवडल्या, भांबुर्डीचा पाला घालून मडकं भरलं, भोवती जाळ केला. मडकं उतरवतोय तोच तिच्या मोबाइलवर ‘बुकिंग रद्द’. तिने अवाक्षर न काढता सगळी पोपटी शेजारच्या गजाकडे देऊन टाकली (बायको गप्प झाली की मी गोठ्यात जातो). थोड्या वेळाने गाडी दारात! चौक गावाजवळ वाट चुकले, म्हणून रस्ता बघायला निळं दाबलं म्हणे. भुकेल्या पोरांना पिठलं-भात वाढताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईला दिसत नाही, तिचा फोनच तिला पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवतो. तीही वैतागली. “ह्यो सारखा इथं क्लिक कर म्हनतो रं, कुठं त्ये सांगत नाय!”

आणखी एक मडकं वाया गेलं तर पाहुणे बंद, असं नम्रताने बजावलंय. त्याच पाहुण्यांवर घर चालतंय दाजी. मी फार थकलोय.

तुमचा मेव्हणा,
प्रवीण

ता. क. – ‘घराचा रस्ता’, ‘जेवणात काय आहे’, ‘खोल्या कशा आहेत’, ‘बुकिंग रद्द करा’ एवढंच लिहा. शोभा गेली तरी चालेल.

आणखी एक – आत्ताच नम्रताचा मोबाइल वाजला. ताईला घेऊन रविवारी पोपटीला यायचं म्हणून तुम्ही स्वतःच्या साइटवरून मोठ्या रुबाबात केलेलं बुकिंग रद्द झालंय. जेवण बघायला दाबलंत ना? नम्रता म्हणाली, “दाजी येत नाय, बरं झालं गं बाई, जरा पाठ टेकते.” तिला खरं सांगायची माझी छाती नाही. तेव्हा ते शब्द बदला, आणि रविवारी जेवूनच या.