तीन वर्षांना सात वर्षं

१४ जुलै, सोम.
डॉक्टर मॅडमनी बोलावून कागद दिला. नर्सिंगच्या तीन वर्षांची फी हॉस्पिटल भरणार. मग सात वर्षं इथंच, शहापुरात नोकरी. तोवर माझे मूळ दाखले त्यांच्या कपाटात. शुक्रवारपर्यंत सही. चार वर्षं बेडपॅन उचलतेय, बाविसाव्या वर्षी पेशंट मला मावशी म्हणतात. आनंद व्हायला हवा होता. कागद उशीखाली ठेवून पुन्हा पुन्हा वाचतेय.

१५ जुलै, मंगळ.
सुट्टी टाकून मुरबाडमार्गे घरी. भाताची लावणी चालू. आईला बाँड, म्हणजे नोकरीचा करार, कळेना, सावड कळते. रोपांचा आवा हातात धरूनच बोलली, "आपण तीन दिवस त्यांच्या शेतात, ते तीन दिवस आपल्या. तुजी मॅडम तीन वर्सं शिकवंल, तू तीन वर्सं कर. सात कुठून आली गो?"
मी ओरडले तिच्यावर. "शेत नाय ते!" मग बांधावर बसून रडले.

१६ जुलै, बुध.
परतताना गावच्या आरोग्य उपकेंद्रावरून आले. कुलूपच. नर्सची जागा कधीची रिकामी. दवाखान्यात नेताना वहिनीचं बाळ जीपमध्येच दगावलं तेव्हा मी नुसता तिचा हात धरून बसले होते. नर्स व्हायचंय ते त्या कुलपासाठी. पण दाखले कपाटात, तर सरकारी भरतीत दाखवू काय? आणि सही नाही, तर कॉलेजच नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

१७ जुलै, गुरू.
आई न सांगता आली! पायाला चिखल, पिशवीत रानातली कंटोळी. सरळ मॅडमच्या केबिनमध्ये. सावडीचं तेच बोलली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोघींना शिकवलं, दोघी अर्ध्यात सोडून गेल्या."
आई म्हणाली, "सावडीला एक नाय आला म्हून दुसऱ्याकडून जास्ती नाय मागत आमी."
"आणि ही गेली तर?"
"मी येन. सावडीला एक नाय आला तर घरातलं कुणीतरी येतंच."
मॅडमनी कागद परत घेतला. गेलं सगळं, वाटलं. रागानंच आईला एसटीत बसवून आले.

१८ जुलै, शुक्र.
नवा कागद. तीन वर्षं! दाखले मात्र त्यांच्याकडेच. आणि खाली एक ओळ: मी सोडलं, नापास झाले, तर उरलेली वर्षं आई इथं सफाईचं काम करेल.
मॅडमनी फोन करून बोलावलं, आई सकाळीच येऊन अंगठा उठवून गेली. मला विचारलंसुद्धा नाही. लावणी राहिलीय म्हणून थांबली नाही.
सात वर्षं माझी होती, ती मी कशीही काढली असती. ही तीन तिच्या पाठीवर. गुडघे धरून उठते ती.
बारावीला इंग्रजीत काठावर सुटलेय मी. कॉलेजची सगळी पुस्तकं इंग्रजीत. हे आईला सांगितलंच नाही कधी.
मॅडमनी दोनदा विचारलं, "झाली का सही?" पेन हातात आहे.