दहावी ओळ

बरकतपुरा, हैदराबाद
शनिवार, १८ जानेवारी २०२५

ती. भाग्यलक्ष्मी अक्कांना मेधाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं चिक्कडपल्ली इथून ऑटोने दहा मिनिटांवर, आणि मी जयवंताबाईंच्या हाती पत्र पाठवतेय. त्या दोन्ही घरी कामाला येतात हे बरंच आहे. तुमच्यासमोर बसले की माझी दातखीळ बसते, आणि माझा फोन तुम्ही उचलत नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत? थंडीत त्रास होत असेल. इथे ठीक. यांनी लावलेल्या कढीपत्त्याला कीड लागली होती, फवारून घेतला. मी जेवते. गोळी घेऊन झोपते. यांना जाऊन पाच महिने होत आले, रडू येत नाही, आणि त्याची लाज वाटते. दुसरं काही वाटत नाही.

बातमी अशी की मी अंदमानला जातेय, नऊ फेब्रुवारीला. हिला वेड लागलंय म्हणाल. दोघांचं बुकिंग यांनी जूनमध्येच केलं होतं, समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचे म्हणून. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, गावाला पाणी पाजलं, आता जरा पाण्यात शिरून बघू दे, असं म्हणायचे. डिसेंबरात तिकडच्या बाईंचा फोन आला, येताय ना म्हणून. रद्द करा म्हणायला तोंड उघडलं आणि ‘हो’ निघालं. पुन्हा फोन करून नाही म्हणायचा कंटाळा आला. एवढंच कारण आहे, मोठं काही शोधू नका.

तयारी चालू आहे. चष्म्याचा नंबर कळवला, पाण्यातल्या मास्कला तशा काचा बसवून देतात. पोहता आलं नाही तरी चालतं, शिकवणारा हात धरून असतो. कानात दडे बसले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. तोंडाने श्वास घ्यायची सवय व्हावी म्हणून हे नाकाला कपड्यांचा चिमटा लावून बातम्या बघायचे. मलाही लावायला लावायचे. एकदा आम्ही दोघं तसे बसलेलो असताना जयवंताबाई आल्या आणि दारातूनच परत फिरल्या. तो चिमटा अजून टीव्हीपाशी आहे. मी रोज पंधरा मिनिटं लावते.

काल तब्येतीचा अर्ज आला. इथल्या स्विमिंग पूलवर यांनी सराव सुरू करताना भरला होता ना, अगदी तसाच.

घरातले सगळे अर्ज मीच भरायचे, तुम्हाला माहीत आहे. जामबागेतल्या शाळेत जन्मभर फळ्यावर लिहून माझं अक्षर वळणदार झालेलं, आणि यांचा चष्मा वेळेवर कधी सापडला नाही. मी ओळ वाचायची, यांनी सांगायचं, मी लिहायचं. दमा? नाही. फिट? नाही. दहावी ओळ हृदयाची होती. विकार, शस्त्रक्रिया किंवा स्टेंट. माझा हात थांबला. हे म्हणाले, “नाही लिही गं. पाइप बदललाय, मोटर शाबूत आहे.” मी हसले आणि लिहिलं.

कसला पाइप, ते तुम्हाला ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वी यांना सिकंदराबादला स्टेंट घातला, अक्का. तुमच्या भगवंतरावांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. तुम्हाला आणखी धक्का नको म्हणून आम्ही तिरुपतीला जातोय असं सांगितलं. परत आल्यावर काचीगुड्याच्या मिठाईवाल्याकडचे लाडू तुम्हाला प्रसाद म्हणून दिले. तुम्ही ते डोळ्यांना लावलेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यानंतर रोज एक दिवस जास्त होत गेला, आणि सांगायचं राहूनच गेलं.

तुमचा भाऊ तुमच्या लेखी घोड्यासारखा धडधाकट होता. त्या दिवशी हे पाण्यातून बाहेर आले, छातीत जड वाटतंय म्हणाले, बाकावर बसले ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत. शिकवणाऱ्या सुरेशने साठी उलटलेल्या माणसाला दमवून मारलं, असं तुम्ही धरून बसलात, तक्रार दिलीत. त्याचे वर्ग बंद झाले. चाळिशीचा माणूस, घरी बसून आहे.

सुतकाच्या दिवसांत तो भेटायला आला होता, आठवतं? आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याने विचारलं, “मैडम, साब को पहले से कुछ था क्या?” तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात, माझा हात तुमच्या हातात होता. मी म्हटलं, “नहीं.”

पहिला ‘नाही’ यांनी सांगितला आणि मी लिहिला. दुसरा माझा एकटीचा.

मंगळवारी तुमच्याबरोबर पोलीस ठाण्यात येऊन जबाब द्यायचा आहे. दोनदा मी डोकं दुखतंय म्हणून टाळलं, म्हणून तुम्ही बोलणं सोडलंत. या वेळी येईन. पण वर लिहिलंय तेच सांगेन. तुम्ही आला नाहीत तर एकटी जाईन. तुम्हाला चिडायचं असेल तर माझ्यावर चिडा, तो हक्काचा राग आहे.

नव्या अर्जात मी खरं लिहिलंय. झोपेच्या गोळ्या: हो. कदाचित मला पाण्यात सोडणार नाहीत. नाही सोडलं तर किनाऱ्यावर बसेन.

शेवटी एक रकाना उरलाय. काही झालं तर कोणाला कळवायचं. मागच्या अर्जात यांनी माझं नाव सांगितलं होतं. मला मूल नाही, माहेरी कोणी उरलं नाही. हे सगळं वाचल्यावर तुमचं नाव तिथे लिहिलेलं तुम्हाला चालेल का? जयवंताबाईंकडे फक्त हो किंवा नाही सांगा. काहीही सांगितलंत तरी मंगळवारी मी जाणार आहे.

जुन्या अर्जाची झेरॉक्स सोबत ठेवलीय. खाली सही यांची आहे, तिच्याकडे बघत बसू नका. दहाव्या ओळीतलं अक्षर बघा.

ते जिचं आहे ती,
मेधा