शेवटची दोन कडवी

प्रिय अंजली,

तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? एरंडेल कोमट करून चोळायला सांग. जावईबापूंचं पित्त? छोटीचा खोकला? आणि तुझा गळा कसा आहे, की पुण्याला जाऊन तोही पोळ्यांबरोबर लाटून टाकलास?

माझं बरं चाललंय. पीण्याच्या कारखान्यातलं लेथ सुटलं, पेटी सुटली नाही. इथल्या शिवाजीनगरच्या, तुमच्या पुण्यातल्या नव्हे, आपल्या चर्चमधली नवी पोरं मात्र जुनं लॅटिन स्तोत्र काढलं की कानडी मिसळून म्हणतात, "मामा, स्वल्प फास्ट!" चार रेघांवर चौकोनी खुणांनी लिहिलेले ते सूर मी एका फाटक्या पुस्तकातून एकट्यानं शिकलो, मग तुला शिकवले. सातशे वर्षांपूर्वीचे मठवासी ओस्तीसमोर, त्या पवित्र भाकरीसमोर, जे गात, ते माझ्यासारख्या लेथवाल्याची शिष्या गाते, याचा मला भारी ताठा होता बघ.

सहा वर्षांपूर्वीचा ख्रिस्तशरीराचा सण आठव. तुझी आई इस्पितळात होती, उशाशी तुझा भाऊ वेली. तू येणारच नव्हतीस. मीच म्हणालो, शेवटची दोन कडवी, पाचवं नि सहावं, तुझ्याशिवाय कोण उचलणार? वेलीला निरोप दिला, गाताना पोरांचे फोन बंद असतात, काही लागलं तर मला कर. संध्याकाळी फादरांनी सोन्याच्या पात्रातली ओस्ती उचलली, सगळे गुडघ्यावर आले, आणि तू असा सूर लावलास की म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. त्याच रात्री कळलं, गाणं आणि मागची लांब प्रार्थना संपून शेवटची घंटा वाजत होती तेव्हाच आई गेली.

दुसऱ्या दिवशी दफनानंतर वेली म्हणाला, "मी मामांना फोन केला होता गं!" तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. नाही आला. मग तू सगळ्यांसमोर भावाला खोटारडा म्हणालीस, आईच्या शेवटच्या घोटालाही मला बोलावलं नाहीस म्हणालीस. त्यानं दोनदा शपथ घेतली. मी हातातल्या मेणबत्तीचं मेण खरवडत उभा होतो. तेव्हापासून तू त्याचं तोंड बघितलं नाहीस.

त्या गाण्याचं रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे. चौथ्या कडव्यानंतर पेटीच्या लाकडावर घुर्रर्र असा आवाज येतो, नीट ऐक. तो वेलीचा फोन. पाठोपाठ निरोप आला, 'आई अंजलीला शोधतेय, तिला पाठवा.' मी वाचला, फोन पालथा घातला आणि तुला पाचव्याचा सूर दिला. ऑटोनं दहा मिनिटांची वाट होती, पोरी.

पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, देवानं क्षमा केली, आता जिचं नुकसान केलंस तिला सांग. माझी जीभ उचलली नाही. सहा वर्षं लोक ओस्ती घ्यायला रांगेत जातात आणि मी पेटी वाजवत बसतो, म्हणजे मी का घेत नाही हे कुणी विचारत नाही. आजही धीर माझा नाही. गेल्या महिन्यात वेलीला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. मी पेज भरवायला जातो तर भिंतीकडे तोंड करतो. खरं सांगणारा तो एकच होता, त्याला आता बोलता येत नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. ऐकू मात्र त्याला नीट येतं. डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका कधीही येईल. मला शिव्या मागाहून घाल, नाहीतर घालूही नकोस. आधी त्याला चार ओळी लिही, नर्स वाचून दाखवेल. उशीर करू नकोस.

तुझाच,
पास्कलमामा