उत्तरं मागच्या पानांवर

३ तारीख, सोमवार
पोचले बाई एकदाची! खोली लहान आहे, पण टेबल खिडकीशी आणि कॉलेज हाकेच्या अंतरावर. पस्तीस वर्षांपूर्वी लग्नापायी सेंद्रिय रसायनाचा एकच पेपर राहिला होता. कॉलेजने जुन्या विद्यार्थ्यांना शेवटची संधी दिली आहे. सतरा तारखेला परीक्षा. चिमी, माझी लेक, फोनवर म्हणाली की गुडघे कुरकुरायच्या वयात तुला हे कसले डोहाळे! पण आवाजात कौतुक होतं. घरमालकीणबाईंनी कपाटातून आधीच्या भाडेकरू मुलीची सरावाची वही काढून दिली. पुढे दोनशे प्रश्न, मागच्या पानांवर उत्तरं. ती मुलगी पहिली आली होती म्हणे.

५ तारीख, बुधवार
शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, की आधी उत्तर बघून गणित सोडवणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं. किती गोड होत्या, आणि त्यांची पट्टी किती कडू! म्हणून मागची पानं रबराने बांधून टाकली आणि राखणीला वर ह्यांचा फोटो खोचला. हे जाऊन सहा वर्षं झाली, पण फोटोतून अजून दटावतात. आज अकरा प्रश्न सुटले. सगळे स्वतः.

८ तारीख, शनिवार
बाराव्यावर अडले. पाठीमागून एक गट येतो, पुढचा सुटून जातो, आणि मधला कार्बन वाऱ्यात छत्री उलटावी तसा पलटतो. हे सगळं कधीकाळी येत होतं मला. तासभर झगडले, मग ह्यांना बाजूला सारून उत्तर पाहिलं. डोक्यात खिळ्यासारखं बसलं. चहा घेताना मात्र ह्यांचा आवाज आठवेना. चेहरा समोर येतो, ओठ हलतात, ऐकू काहीच येत नाही. वय झालं, दुसरं काय.

११ तारीख, मंगळवार
चाळीस उत्तरं पाहिली. चाळीसही पाठ. शाळेची प्रार्थना गेली. सिस्टरांचा चेहरा गेला. रडू येईल म्हणून थोडा वेळ बसून राहिले, आलं नाही.
ती आधीची मुलगी आता कुठे असते, असं घरमालकीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, निकालाच्या दिवशी वडील न्यायला आले, तर तिने दारातच विचारलं की काका, आपल्याला कोण हवंय. फार अभ्यास केला हो पोरीने, म्हणाल्या.

१३ तारीख, गुरुवार
वही बांधून ठेवली. आपल्या आपण सोडवायला बसले. एकही सुटला नाही — दुपारपर्यंत एकही नाही. मग रबर काढलं. फोटोतले गृहस्थ सभ्य दिसतात.

१५ तारीख, शनिवार
उद्या चार वाजता चिमी येणार. लिहून ठेवते. चिमी माझी मुलगी. एकुलती एक. डाव्या भुवईवर खोक, झोपाळ्यावरून पडली तेव्हाची. बेल वाजली की दार उघडायचं. जवळ घ्यायचं. वहीला हात लावायचा नाही. नऊच प्रश्न राहिलेत —

१६ तारीख, रविवार, सकाळ
एकच राहिला. हातांनीच रबर काढलं. मी बहुतेक नको म्हणाले होते.

रविवार, साडेचार
बेल वाजली. दार उघडायचं असं लिहिलं होतं, उघडलं. एक बाई. डाव्या भुवईवर खोक. लिहिल्याप्रमाणे जवळ घेतलं. केसांना तेलाचा वास.
ती आता खाटेवर बसली आहे. घरी चल म्हणते. कुठल्या घरी, विचारलं.
रडते आहे. मला काही होत नाही —
आता माझा डावा हात धरून विचारते की माझं नाव काय, सांग. एवढंच सांग.
प्रश्न सोपा आहे. तिला म्हटलं थांब, सांगते. हात सोडवून घेतला. वही उघडली. मागच्या पानांवर असेलच, शेवटून दुसऱ्या, नाही, त्याच्या आधीच्या —